आंधळ्याचा घण

माझा उजवा हात कोपराच्या वर चार बोटं एवढाच उरला आहे. कोणी विचारलं तर मी सांगतो, लोहारकामात गेला. ते अगदी खोटं नाही, पण खरंही नाही. हात भांडणात गेला. त्याच भांडणात दुसऱ्या एका माणसाचे दोन्ही डोळे गेले, आणि ते मी घालवले. पुढे त्याच माणसाबरोबर मी अकरा वर्षं एका ऐरणीवर काम केलं. ते कसं घडलं, ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून डाव्या हाताने हे लिहितो आहे.

आमच्या घरात लोहारकाम कोणी केलेलं नव्हतं. आजोबा आणि वडील सरकारी पागेत स्वार. घोडी कमी झाली तसे वडील घरी बसले आणि पागेतला आसूड बडोद्यात नागरवाड्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत आला. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तो खुंटीवरून खाली यायचा. मी मार चुकवायला पागेतल्या नालबंदाकडे जाऊन बसायचो. लोखंड तिथेच शिकलो. रागही घरून घेऊन गेलो होतो.

प्रतापनगरला रेल्वेचं काम वाढलं तेव्हा त्या बाजूला खासगी भट्ट्या निघाल्या. त्यातल्या एका भट्टीवर मी लोहार म्हणून लागलो. टांग्याचे कणे, चाकांच्या लोखंडी धावा, पहारी असं काम. माझ्या जोडीला घण मारायला सावली गावाकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, मान बैलासारखी. तो मला ‘दक्षिणी’ म्हणायचा, गुजराती माणसं आम्हा मराठ्यांना म्हणतात तसं. मी त्याला ‘सावलीवाला’ म्हणायचो. खऱ्या नावाने आम्ही एकमेकांना कधी हाक मारली नाही, म्हणून इथेही नावं घालत नाही.

लोहाराच्या डाव्या हातात सांडशी असते, उजव्या हातात लहान हातोडी. तो हातोडीने लोखंडावर टिचकी मारतो आणि घणवाला बरोबर तिथेच घण घालतो. चांगल्या जोडीला बोलावं लागत नाही. आम्ही चांगली जोडी होतो, आणि आमचं जराही पटत नव्हतं. मालक त्याच्यासमोर माझी तारीफ करायचा आणि माझ्यासमोर त्याची. दोघंही जास्त जोराने काम करतील, असा त्याचा हिशोब असावा.

उन्हाळ्याचे दिवस होते. कण्यावर माझी टिचकी पडायच्या आत त्याचा घण पडला आणि लोखंडाचा तापलेला पापुद्रा उडून माझ्या गालाला चिकटला. मी त्याच्या आईवरून बोललो. तो माझ्या आईवरून बोलला. माझी आई वारून तेव्हा महिनाही झाला नव्हता. पुढचं फार झटपट झालं. भट्टीतले फावडंभर निखारे त्याच्या तोंडावर गेले आणि त्याचा घण माझ्या उजव्या हातावर, ऐरणीवरच, पडला. हाड मोडल्याचा आवाज मला आठवत नाही. त्याची किंकाळी आठवते, आणि जळक्या केसांचा वास.

त्याने घण उचलला म्हणून जीव वाचवायला मी निखारे फेकले, असं मी बायकोला सांगितलं, वडिलांना सांगितलं, पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत राहिलो.

फौजदार आला तेव्हा मालक म्हणाला, “भट्टी फुटली, साहेब. अपघात.” फौजदाराने आम्हा दोघांना विचारलं. दोघांनीही हो म्हणून मान हलवली. मला त्याला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. तुरुंगात तो माझ्या हाती लागला नसता. त्याच्याही मनात तेच होतं, हे मला चार दिवसांतच कळलं.

दवाखान्यात आम्ही एकाच लांब खोलीत होतो, मध्ये सहा खाटा. माझा हात कापून झाला होता आणि मी तापात कण्हत होतो. एका दुपारी, वॉर्डबॉय जेवायला गेलेला असताना, तो उठला. डोळ्यांवर पट्ट्या. हाताने खाटांच्या कडा चाचपत तो आवाजाच्या दिशेने येऊ लागला. “क्यां छे तुं, दक्षिणी?” कुठे आहेस तू? एवढंच म्हणत होता, हळू आवाजात, लहान मुलाला शोधावं तसं. मी कण्हणं थांबवलं. श्वासही धरला. माझ्या शेजारच्या खाटेवर पोट फुगलेला एक म्हातारा होता, तो झोपेत कण्हला. सावलीवाल्याचे दोन्ही हात त्याच्या गळ्यावर गेले.

मी ओरडू शकलो असतो. म्हाताऱ्याचे पाय खाटेवर आपटत होते आणि मी बघत होतो. शेवटी समोरच्या रोग्याने पाण्याचं भांडं फेकून मारलं आणि लोक धावले. म्हातारा वाचला. मी गप्प राहिलो होतो हे कोणाला कळलं नाही. सावलीवाल्याला मात्र गळा दुसऱ्याचा होता आणि मी गप्प पडून होतो हे समजलं असावं, कारण त्याला ओढून नेताना तो हसत होता.

घरी आल्यावर वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “घोडा असतास तर गोळी घातली असती.” मी त्यांच्याकडचा आसूड हिसकावून घेतला, डाव्या हाताने, आणि पहिल्यांदा त्यांच्यावर उगारला. मारला नाही. पण त्या दिवसापासून तो खुंटीवर दिसला नाही.

एका हाताने सांडशी धरता येते. हातोडी धरता येत नाही, आणि लोखंड धरणाऱ्याला दाखवता येत नसेल तर घणवाल्याने मारायचं कुठे? दोन-तीन माणसं मी लावून पाहिली. त्यांचे घाव भलतीकडे पडायचे, मी शिव्या द्यायचो, ती निघून जायची.

वाट बायकोने काढली. ती कोकणातली. तिच्या गावी एक बाई पायाने भात कांडायची. लांब तुळई, मध्ये टेकू, पुढच्या टोकाला मुसळ. मागच्या टोकावर उभं राहिलं की मुसळ वर जायचं, पाय काढला की खाली उखळात पडायचं. बायको म्हणाली, “मुसळ दर वेळी त्याच जागी पडतं. मुसळाच्या जागी घण बांधा. मग दाखवायचं कशाला? तुम्ही लोखंड सरकवा.”

आम्ही रुळांपलीकडे एक पत्र्याची शेड घेतली. सुताराकडून बाभळीची तुळई करवली, पुढे घण ठोकून बसवला, खाली ऐरण ठेवली. बायको भाता ओढायची आणि मध्येच येऊन तुळईवर उभी राहायची. पण तिचं वजन ते किती! घण हातभरही वर जाईना. लोखंडावर नुसते टपले पडत.

असे पंधरा दिवस गेले असतील. एका सकाळी दारात सावलीवाला उभा राहिला. त्याची विधवा बहीण त्याला हाताला धरून घेऊन आली होती. ती जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती आणि भावाला तिनेच सांभाळलं होतं. तिने त्याला उंबऱ्यापर्यंत आणून सोडलं आणि ती बाजूला झाली. त्याच्या कंबरेला सुरा होता.

“क्यां छे तुं, दक्षिणी?”

मी पुन्हा गप्प राहिलो. पण या वेळी मागे बायको होती आणि तिच्या तोंडून “अगं बाई” निघून गेलं. तो आवाजावर धावला. वाटेत तुळई होती. ती त्याच्या छातीवर बसली आणि तो कोलमडला. मी त्याच्यावर झेप घेतली. एका हाताच्या माणसाने आंधळ्याला मारणं दिसायला कसं दिसत असेल, देव जाणे. मी गुडघ्याने त्याचा सुऱ्याचा हात दाबला होता आणि डोक्याने त्याच्या तोंडावर धडका देत होतो. त्याने माझा कान दातांत धरला. कानाची पाळी आजही तुटकी आहे. सुरा माझ्या मांडीतून एकदा गेला. बायकोने लोखंड विझवायच्या हौदातलं घाण पाणी बादलीने आमच्यावर ओतलं, मग बांबू घेतला आणि दोघांनाही सारखंच बडवलं. बहीण उंबऱ्याबाहेर उभी होती. ती ओरडली नाही, आत आली नाही.

आम्ही दोघंही दमून, रक्ताने भरून बसलो. त्याच्या हाताला तुळई लागली. तो तिला धरून उठू लागला, आणि मध्येच थांबला. हात पुढे पुढे नेत घणापर्यंत पोचला. घणाचं तोंड चाचपलं, खालची ऐरण चाचपली, परत मागे येऊन टेकू चाचपला.

“आ शुं छे?” हे काय आहे?

तो मागच्या टोकावर चढला. घण सरसर वर गेला. त्याने पाय काढला आणि ऐरण अशी वाजली की पत्रे थरथरले. तो पुन्हा चढला. आणखी एकदा. मग नाकातलं रक्त पुसत म्हणाला, “टेकू चुकीच्या जागी आहे. वीतभर मागे घे. सुतार गाढव होता.”

“सुताराला जागा मी सांगितली,” मी म्हणालो.

“मग बरोबर बोललो मी.”

दुसऱ्या दिवशी बहिणीने त्याला परत आणून सोडलं. सुरा नव्हता.

आमचं यंत्र असं होतं. मी ऐरणीपुढे बसायचो, डाव्या हातात सांडशी. माझ्या पायाच्या अंगठ्याला दोरी, तिचं दुसरं टोक त्याच्या मनगटाला. एक झटका म्हणजे हलका घाव, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे भारी. तुळईच्या शेजारच्या खांबावर त्याने स्वतः पटाशीने तीन खाचा पाडल्या. मागचं टोक कुठल्या खाचेपर्यंत दाबलं, ते त्याला पायाच्या बोटांनी कळायचं. बायको भात्यावर. महिन्याभरात आम्ही टांग्याचा कणा असा काढू लागलो की जुन्या मालकाची गिऱ्हाइकं आमच्याकडे वळली.

पण मनात काय चाललं होतं ते सांगतो. मला एकच हात उरला होता आणि तो मी दिवसातून हजार वेळा त्याच्या घणाखाली घालत होतो, ज्याचे डोळे मी जाळले होते. कामात आम्ही बोलत नव्हतो. त्याचा जळून ताणलेला चेहरा माझ्याकडे वळलेला असायचा, आणि तो बघत नाही हे माहीत असूनही मला घाम फुटायचा. घरी हात उशाखाली घेऊन झोपायचो. त्याचा गळा आवळायची स्वप्नं पडायची. त्यालाही काय स्वप्नं पडत असतील, याचा विचार करायचो.

महाराज त्या साली विलायतेत होते आणि पावसाने ओढ दिली होती, एवढं आठवतं. एक लोखंड भट्टीत तापत होतं. मी त्याला म्हणालो, “घण वर धर, ऐरण झाडतो.” त्याने पहिल्या खाचेपर्यंत तुळई दाबून धरली. मी हाताने ऐरणीवरचे पापुद्रे झाडू लागलो. आणि घण खाली आला.

हात मी जवळजवळ काढला होता. करंगळी तेवढी घणाखाली राहिली. तिचं टोक ऐरणीवर चपटं होऊन पडलेलं मी पाहिलं.

मग मी जे केलं त्यात विचार नव्हता असं म्हणायची सोय आहे, पण विचार होता. मी उठलो, भट्टीपर्यंत चालत गेलो, रक्त गळत्या हाताने सांडशी धरली, लाल झालेली सळई बाहेर काढली, तिचं टोक पाहिलं, आणि त्याच्या उघड्या खांद्यावर टेकवली. टेकवून दाबली. तो गुरासारखा ओरडला आणि तुळईवरून खाली पडला. मी सळई पुन्हा उचलली. त्याच्या मानेकडे.

“थांबा!” बायको भाता सोडून मध्ये आली होती. “दोरी तुम्ही ओढलीत.”

“मी? मी हात झाडत होतो!”

“पाय झाडलात. मी पाहिलं. घोटा बघा तुमचा.”

घोट्यावर घोडमाशी चावल्याचा थेंबभर रक्ताचा ठिपका होता.

तो जमिनीवर खांदा धरून पडला होता. दातांतून म्हणाला, “एक झटका आला. हलका घाव. मी हलकाच मारला.”

बातमी कळून बहीण जिनातून पळत आली. तिने खांदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला उठवून घेऊन गेली.

आठ दिवस शेड बंद होती. बायको माझ्याशी बोलेना. नवव्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. तो खाटेवर बसला होता, खांद्यावर हळद-तेलाची चिंधी. बहीण चुलीपाशी होती. मी उभ्यानेच बोललो, कारण बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

“त्या दिवशी निखारे मी आधी फेकले. तू घण नंतर उचललास.”

“मने खबर छे, मला माहीत आहे,” तो म्हणाला. “डोळे माझे होते. शेवटचं पाहिलं ते तेच. फावडं येताना.”

“मग इतके दिवस बोलला नाहीस?”

“तू बोलतोस का ते बघत होतो. तुझा हात रोज माझ्या घणाखाली असायचा. रोज ठरवायचो, आज. पण लोखंड तापलेलं असायचं, ते वाया कसं घालवायचं? उद्या बघू म्हणायचो.” मग तो म्हणाला, “जवळ ये.”

मी गेलो. त्याने हाताने माझा चेहरा शोधला, हनुवटी धरली, आणि दुसऱ्या हाताची मूठ मारली. दोन दात तिथेच पडले. तिसरा संध्याकाळी पडला. मी पडलो, उठलो. त्याने पुन्हा मारलं नाही.

“आता दोरीचं,” तो म्हणाला, जणू मधलं काही झालंच नव्हतं. “तुझी दोरी फक्त तुझं बोलणं मला सांगते. मला तुला काही विचारता येत नाही. झटका आला की मी मारायचं, बस. बैलासारखं. मला विचारता आलं असतं तर मी विचारलं असतं, हा झटका कशाचा? तू ऐरण झाडत होतास ते मला माहीत होतं.”

तोंडातलं रक्त गिळत मी ऐकत होतो. त्याने खाटेवरच, काथ्याच्या तुकड्यांनी, मला समजावलं. एकाऐवजी दोन दोऱ्या. माझ्या पायाची त्याच्या मनगटाला, त्याच्या दुसऱ्या मनगटाची माझ्या कमरेला. मी झटका द्यायचा, त्याने उलट तेवढेच झटके देऊन विचारायचं. घण वर असताना तुळईखाली लाकडी अडणा बसेल, तो माझ्या पायाने काढल्याशिवाय घण पडणार नाही, आणि त्याचं उलट विचारणं आल्याशिवाय मी अडणा काढायचा नाही.

“वेळ जाईल,” मी म्हणालो.

“जाऊ दे. तुला एक हात आहे.”

पहिले काही दिवस खरंच काम रडतखडत झालं. पुढे झटका आणि उलट झटका इतके जवळ येऊ लागले की बायको म्हणायची, मला दोन दोऱ्या दिसतच नाहीत. त्याचं विचारणं हळूहळू नुसतं विचारणं राहिलं नाही. लोखंड थंड होत आलं की आवाजावरून त्याला आधी कळायचं, आणि तो चार झटके देऊन मला सांगायचा, भट्टीत घाल. मी चुकलो की एक लांब ओढ, म्हणजे शिवी. ती मला दिवसातून पुष्कळदा मिळायची.

कारागिरी शिकवणाऱ्या एका सरकारी शाळेतले मास्तर यंत्राचं चित्र काढायला आले. त्यांनी विचारलं, ही कल्पना कोणाची? आम्ही तिघंही एकदम बोललो आणि मास्तरांसमोर तासभर भांडलो. त्यांनी चित्राखाली काय लिहिलं, मला माहीत नाही.

एकदा एका टांगेवाल्याने, कणा घ्यायला आला असताना, गंमत म्हणून मागून माझी दोरी ओढली. माझा हात ऐरणीवर होता. सावलीवाल्याच्या मनगटाला झटका गेला, त्याने उलट विचारलं, मी अडणा काढला नाही, घण वरच राहिला. मग त्याने तिथूनच विचारलं, “कोणी ओढली?” मी सांगितलं. तो खाली उतरला. मी टांगेवाल्याची मान काखेत धरली आणि त्याने मारलं. मी सांगत होतो, “जरा खाली, आता डावीकडे,” आणि तो तिथे मारत होता. टांगेवाल्याच्या बरगड्या मोडल्या. आम्हाला दोघांना तीन दिवस चौकीत बसवलं. आम्ही करायला नको होतं, हे आज कळतं. तेव्हा मात्र चौकीत एकाच भिंतीला टेकून आम्ही चणे खाल्ले आणि मला वाटलं, याच्याइतकं मला कोणी ओळखत नाही.

मित्र होतो का? त्याने मला घरी कधी जेवायला बोलावलं नाही. मीही नाही. त्याचा खांदा थंडीत ओढला जायचा तेव्हा तो काम थांबवून चोळायचा आणि मी दुसरीकडे बघायचो, तो बघू शकत नव्हता तरी. बहीण अकरा वर्षं रोज सकाळी त्याला सोडायची, संध्याकाळी न्यायची. माझ्या बायकोशी बोलायची. माझ्याशी कधीच नाही.

बाराव्या वर्षी त्याच्या छातीत धूर बसला. खोकला इतका वाढला की तुळईवर उभं राहवेना. बहीण त्याला सावलीला घेऊन गेली. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला तो अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, पूर्वीपेक्षा अर्धा झालेला. विचारलं, कोण घण मारतं? मी म्हणालो, एक नवा आहे. “डोळे आहेत?” “आहेत.” “मग सांभाळ,” तो म्हणाला आणि खोकता खोकता हसला.

तो गेल्याचं एका गाडीवानाने सांगितलं. मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. बहीण ओट्यावर बसली होती. मी थोडा लांब उभा राहिलो. उन्हातून चालत आलो होतो, घसा कोरडा पडला होता. तिने आतून पाण्याचा लोटा आणला. मला वाटलं हातात देईल. तिने तो माझ्यापासून दोन हातांवर जमिनीवर ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी पाणी प्यालो, लोटा धुऊन पालथा घातला आणि बडोद्याची वाट धरली.